पाऊण इंची पाइपात पाऊण इंच नेमका कुठे असतो?

मोजपट्टी
गेले दोन आठवडे एकच प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून हा धागा काढतोय.

न्हाणीघराकडे जाणारी जुनी लोखंडी लाइन आट्यांपाशी गंजून पाझरायला लागली होती. तीन-साडेतीन मीटरचा तुकडा काढून तिथे पीपीआर (तापवून जोडायचा प्लॅस्टिकचा पाइप) टाकायचं ठरवलं. जुन्या पाइपावर '२० एनबी' असा छाप होता. मी २० चा पीपीआर आणला, नीट तापवून जोडला. गळती शून्य. पण शॉवरचं पाणी निम्म्याहूनही कमी झालं.

मग जुना तुकडा आणि नव्याचा उरलेला तुकडा शेजारी ठेवून व्हर्निअर लावला. जुना बाहेरून २६.७ मिमी, आतून गंज खरवडल्यावर २१ च्या जवळपास. नवा बाहेरून बरोबर २०, आतून १३.२. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी. हे माप जुन्या पाइपात ना बाहेर सापडलं, ना आत. म्हटलं अर्धा इंचीचं तरी काय ते बघू, तर तो बाहेरून २१.३ आणि आतून १५.८. अर्धा इंच म्हणजे १२.७, तोही कुठेच नाही.

न विचारता २० ला २० लावला ही माझी चूक. पण मुळात हे नाव नेमकं कशाला दिलेलं आहे? आतल्या मापाला नाही, बाहेरच्याही नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

जुना_फिटर
मोजपट्टी, ही चूक करणारे तुम्ही एकटे नाही. तीस वर्षं पाइप जोडतोय, दरवर्षी एकदा तरी हाच किस्सा ऐकतो. लोखंडी पाइपावरचा २० म्हणजे 'नॉमिनल बोअर', आतल्या भोकाचं ढोबळ नाव. पीपीआरवरचा २० म्हणजे बाहेरचा खराखुरा व्यास. दोन्हीकडे २० च लिहिलेलं असतं, म्हणून माणूस फसतो.

'पाऊण इंची' हे जोडाचं नाव आहे असं धरा, म्हणजे सगळं उलगडत जाईल. आटे पाडायचे ते पाइपाच्या बाहेरून. डाय (आटे पाडायचं हत्यार) बसते बाहेरून, पाना धरतो बाहेरून, क्लॅम्प आवळायचा तो बाहेरून. सॉकेट, एल्बो, टी सगळं बाहेरूनच चढतं. त्यामुळे बाहेरचा व्यास एकदा ठरला की त्याला हात लावता येत नाही. लावला, तर आधी बसवलेल्या साऱ्या पाइपांना नवा जोड मिळणं बंद होईल.

जास्त दाबासाठी जाड पाइप हवा असेल तर? जाडी आतल्या बाजूला वाढवायची. म्हणून लोखंडी पाइपात अर्धा इंची म्हणून जे जे विकलं जातं, ते सगळं बाहेरून २१.३ च असतं. आत मात्र शेड्यूल ४० ला १५.८, शेड्यूल ८० ला १३.८, शेड्यूल १६० ला ११.८ आणि डबल एक्स्ट्रा स्ट्राँगला फक्त ६.४ मिमी. म्हणजे 'अर्धा इंची' पाइपात दोन सुताचं (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) भोक! तरी त्याला अर्धा इंचीच म्हणायचं, कारण अर्धा इंची सॉकेट त्यावर चढतं.

पाण्याचा_हिशोब
शॉवरचं कोडं आकड्यांत मांडतो. आतला व्यास २०.९ वरून १३.२ वर आला. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं बदलतं, म्हणजे भोक मूळच्या ४० टक्के उरलं. पण पाणी त्याहून जास्त घटतं. दाब तोच असेल तर प्रवाह साधारण व्यासाच्या २.६ व्या घाताप्रमाणे बदलतो, कारण अरुंद पाइपात भिंतीशी घर्षणही वाढतं. त्या हिशेबानं त्या तुकड्याची क्षमता तीस टक्क्यांवर येते. पीपीआर आतून गुळगुळीत असल्यानं थोडं परत मिळतं, म्हणून एक तृतीयांशाच्या आसपास धरा. प्रत्यक्षात किती जाणवेल ते उरलेल्या लाइनवर आणि तोट्यांवर अवलंबून आहे. पण 'निम्म्याहून कमी' हे तुमचं निरीक्षण अगदी जुळतंय.

रेषा_आणि_कोन
जुना_फिटर काका, बाहेरचं माप का हलत नाही ते कळलं. पण मग नाव आतल्या मापावरून का ठेवलं? पहिल्या दिवसापासून '२१.३ चा पाइप' म्हटलं असतं तर हा घोळ झालाच नसता.

जुनी_पानं
रेषाताई, याचं उत्तर इतिहासात आहे, आणि मला तो भाग फार आवडतो म्हणून जरा लांबण लावतो.

पहिल्या दिवशी नाव खरंच आतल्या मापाचं होतं. लोखंडी पाइपांची मोठी मागणी आली ती दिव्यांच्या गॅसमुळे. विल्यम मर्डॉकनं इंग्लंडमधल्या रेडरूथच्या आपल्या घरी १७९२ मध्ये कोळशाच्या वायूवर दिवे लावले. पुढे गॅस घरोघर न्यायची वेळ आली तेव्हा सुरुवातीला बंदुकांच्या जुन्या नळ्या एकमेकींना जोडून वापरल्याचं सांगतात. बंदुकीच्या नळीला इंग्रजीत बॅरल म्हणतात, आणि ब्रिटिश कारागीर गॅसच्या पाइपालाही बॅरलच म्हणत आले. आपण आजही 'बॅरल निपल' मागतो, तो हाच शब्द.

१८२५ मध्ये कॉर्नेलियस व्हाइटहाउसनं एक पेटंट घेतलं. लोखंडाची पट्टी तापवायची, घंटेच्या आकाराच्या साच्यातून ओढायची, की तिच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडून सांधल्या जातात. लांबच लांब पाइप भराभर निघू लागले. घेणाऱ्याला कळायला हवं ते एवढंच, की यातून गॅस किंवा पाणी किती जाईल. ते आतल्या भोकावर ठरतं, म्हणून 'अर्धा इंची', 'एक इंची' ही नावं पडली. भिंत किती जाड, हा बनवणाऱ्याचा प्रश्न होता. त्या काळचं लोखंड आणि सांधा यांवर फार भरवसा ठेवता येत नसे, म्हणून भिंत जाड असायची.

मग धातू सुधारला. पोलाद आलं, सांधे पक्के झाले, कमी जाडीत तेवढाच दाब पेलू लागला. बनवणाऱ्याला साहजिकच धातू वाचवायचा होता. पण तोवर आटे, डाय, सॉकेट सगळं त्या जुन्या बाहेरच्या मापावर पक्कं झालं होतं. मग धातू आतून कमी केला. भोक मोठं झालं, नाव मात्र जुन्या भोकाचंच राहिलं.

मोजपट्टी
जुनी_पानं, तुमचा प्रतिसाद वाचून कोष्टक काढून बसलो. नाव खरंच जुन्या भोकाचं असेल तर बाहेरच्या व्यासातून नाव वजा करून दोननं भागलं की जुनी भिंत मिळायला हवी.

अर्धा इंची: २१.३ वजा १२.७, भागिले दोन, ४.३ मिमी. आजची शेड्यूल ४० ची भिंत २.७७.
एक इंची: ४.० निघते, आजची ३.३८.
तीन इंची: ६.३५, म्हणजे बरोबर दोन सूत. आजची ५.४९.
सहा इंची: ७.९, आजची ७.११.

लहान पाइपात फरक प्रमाणानं मोठा, मोठ्यात प्रमाण कमी होत जातं. आणि मग बारा इंची! बाहेरून १२.७५ इंच. 'स्टँडर्ड' भिंत ०.३७५ इंच, म्हणजे तीन सूत. दोन्ही बाजूंची मिळून पाऊण इंच. १२.७५ मधून ०.७५ गेले, आत राहिले बरोबर १२ इंच. पूर्ण कोष्टकात नाव आणि आतलं माप तंतोतंत जुळणारा हा एकच स्टँडर्ड पाइप मला दिसला. रात्री अकरा वाजता हे सापडलं आणि झोप उडाली.

उलट टोकाला एक सुती पाइप. नाव ३.२ मिमीचं, आज आतून ६.८. दुपटीहून जास्त.

जुना_फिटर
शाब्बास. आता त्याच कोष्टकात १४ इंचाची ओळ बघा.

मोजपट्टी
बघितली. बाहेरून ३५५.६ मिमी, म्हणजे बरोबर १४ इंच! म्हणजे इथून पुढे नाव बाहेरच्या मापाचं?

जुना_फिटर
हो. अमेरिकी पद्धतीत १४ आणि त्यापुढच्या सगळ्या पाइपांचं नाव म्हणजे बाहेरचा खरा व्यास. एवढ्या मोठ्या पाइपांना आटे पाडून कोण जोडतो? वेल्डिंग नाहीतर फ्लँज (बोल्टनं आवळायची चकती). आट्यांचं जुनं ओझं तिथे नाही, म्हणून माप सरळ ठेवता आलं. १२ पर्यंत एक नियम आणि १४ पासून दुसरा, हे नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. कुणी सांगत नाही.

तळमजला
शेड्यूल म्हणजे काय? ४० म्हणजे ४० काय?

दाबमापक
तळमजला, कारखान्यात पाइपिंगचं काम करतो, म्हणून हे मी घेतो.

आधी तीनच जाड्या होत्या. स्टँडर्ड, एक्स्ट्रा स्ट्राँग आणि डबल एक्स्ट्रा स्ट्राँग. वाफेचे दाब आणि तापमान वाढत गेले तसं या तिघांवर भागेना. १९२७ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनं समिती नेमली आणि तिच्या कामातून शेड्यूल क्रमांक आले. कल्पना अशी की पाइपातला दाब भागिले धातूवर चालणारा ताण, गुणिले १०००. म्हणजे शेड्यूल ४० चा पाइप धातूच्या चालणाऱ्या ताणाच्या ४ टक्क्यांइतका दाब घेईल.

मुळाशी बार्लोचं सूत्र आहे: दाब म्हणजे दोन गुणिले ताण गुणिले जाडी, भागिले बाहेरचा व्यास. दाब जाडी आणि व्यास यांच्या गुणोत्तरावर ठरतो. म्हणूनच शेड्यूल ४० म्हणजे एकच जाडी असं नसतं. अर्धा इंचीला २.७७ आणि बारा इंचीला १०.३१ मिमी.

पण हे सूत्र शब्दशः धरू नका. भिंतीत आट्यांसाठी, गंजासाठी जादा धातू धरलेला असतो, आणि बनवताना जाडी साडेबारा टक्क्यांपर्यंत कमी भरली तरी चालते. लहान पाइपांत ही जादा भर प्रमाणानं मोठी पडते, म्हणून ते कितीतरी जास्त दाब घेतात. पीव्हीसीच्या शेड्यूल ४० मध्ये हे छान दिसतं. साध्या तापमानाला अर्धा इंची ६०० पीएसआयचा (चौरस इंचावर इतके पौंड दाब), दोन इंची २८० चा, बारा इंची १३० चा. तिघांवरही 'शेड्यूल ४०' एवढंच छापलेलं. शेड्यूल बघून दाब ठरवणारे मी पाहिलेत. फार धोक्याची सवय आहे ही.

आणखी एक. स्टँडर्ड आणि शेड्यूल ४० हे १० इंचांपर्यंत सारखेच, १२ पासून वेगळे. म्हणून मोजपट्टींना बारा इंचीचा चमत्कार 'स्टँडर्ड'मध्ये दिसला, शेड्यूल ४० मध्ये दिसला नसता.

रेषा_आणि_कोन
माझ्याकडे सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारा प्लॅस्टिकचा पाइप) आहे, तोही 'अर्धा इंची'. आत्ता मोजला तर बाहेरून १५.९. २१.३ नाही! आता हा कुठला?

आटेदार
तो तांब्याच्या घराण्यातला. त्यावर सीटीएस लिहिलेलं असेल, म्हणजे तांब्याच्या नळीचं माप.

तांब्याची नळी आट्यांनी जोडत नाहीत, डाखानं जोडतात. आटे नाहीत म्हणजे आट्यांपुरती जाडीही नको, म्हणून भिंत पातळ आणि बाहेरचं माप लहान. अमेरिकी पाण्याच्या तांब्यात नियम साधा आहे, नावात एक सूत मिळवा की बाहेरचा व्यास. अर्ध्याचा पाच सूत, म्हणजे १५.९ मिमी. पाऊणचा सात सूत, २२.२. घरगुती सीपीव्हीसी याच मापावर बेतला. पण त्याच सीपीव्हीसीत शेड्यूल ४० आणि ८० चेही पाइप मिळतात, ते लोखंडी मापाचे. त्यामुळे दोन 'अर्धा इंची' सीपीव्हीसी एकमेकांत बसतीलच असं नाही.

फ्रिज आणि एसीची तांब्याची नळी मात्र थेट बाहेरच्या मापानं विकतात. म्हणजे पाण्याची अर्धा इंची आणि एसीची अर्धा इंची यांतही एका सुताचा फरक. युरोपात तांबं सरळ १५, २२, २८ मिमी, बाहेरून.

यातली सगळ्यात वाईट जोडी सांगतो. पाऊण इंची सीटीएस २२.२ आणि अर्धा इंची लोखंडी मापाचा २१.३. नऊ दशांश मिलिमीटरचा फरक, डोळ्याला दिसत नाही. २१.३ चा पाइप २२.२ च्या सॉकेटमध्ये सैल जातो, वर सॉल्व्हंट सिमेंट भरपूर थापलं की जोड झाल्यासारखा वाटतो. दोन दिवस टिकतो, आणि मग पाण्याचा जोर वाढला की निसटतो. माझ्या ओळखीच्या घरात यानं आख्खी खोली भिजली.

सरळ_रेष
सगळं वाचलं. इतिहास रंजक आहे, पण मला हे पटत नाही. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी कुणाचं भोक केवढं होतं याच्याशी आजच्या माणसाला काय करायचंय? सगळ्यांनी बाहेरचा व्यास आणि जाडी लिहावी, नाव-बिव काढून टाकावं. मेट्रिकमध्ये डीएन (नॉमिनल व्यासाचा क्रमांक) आणलं तेव्हा ही संधी होती, ती घालवली. २० एनबीऐवजी डीएन २० म्हटलं, पण घोळ तोच राहिला.

दाबमापक
डीएनबद्दल एक दुरुस्ती. डीएन २० च्या मागे मिमी लावायचंच नाही. ते माप नाही, नुसता क्रमांक आहे, मानकाच्या व्याख्येतच तसं आहे. चपलेचा नंबर असतो ना, तसं.

पण तुमचा मुद्दा मला अर्धा पटतो. डीएन ६५ घ्या. अमेरिकी मापात बाहेरून ७३.०, युरोपीय मापात ७६.१. डीएन १०० पोलादी पाइप ११४.३, आणि पाणीपुरवठ्याचा डक्टाइल आयर्नचा (ओतीव लोखंडाचा एक चिवट प्रकार) डीएन १०० बाहेरून ११८. एकच नंबर, पण एकाची कपलिंग दुसऱ्याला लागत नाही. म्हणून आमच्याकडे खरेदीच्या कागदावर डीएन, बाहेरचा व्यास, जाडी आणि मानक चारही लिहितात.

अर्धा पटत नाही तो यासाठी, की क्रमांकाचा उपयोग आहे. व्हॉल्व्ह, फ्लँज, गॅस्केट, पाइप, सगळं 'डीएन ५०' म्हटलं की एका कुटुंबात येतं. फ्लँजला कुठला एक व्यास सांगणार? तिला पाच-सहा वेगवेगळे व्यास असतात.

जुना_फिटर
सरळ_रेष, नाव काढून टाका म्हणणं सोपं आहे. जमिनीत, भिंतीत गाडलेल्या पाइपांचं काय करायचं? पन्नास वर्षांपूर्वी टाकलेल्या लाइनला आज मी नवा एल्बो लावतो आणि तो हातानं तीन-चार आटे सहज चढतो. ज्यांनी हे बाहेरचं माप धरून ठेवलं त्यांचे उपकार मला त्या क्षणी आठवतात. मनापासून सांगतो.

सरळ_रेष
काका, ते बरोबर आहे. जुन्यासाठी जुनं राहू दे. पण नव्या प्लॅस्टिकला तरी इंची नावं चिकटवू नयेत. पीपीआरच्या २० ला 'अर्धा इंची' म्हणतात, २५ ला 'पाऊण'. आत १३.२ आणि १६.६. मग मोजपट्टींसारखी माणसं अडकतात.

जुना_फिटर
यावर माझं काही म्हणणं नाही. बरोबर बोललात.

आटेदार
आट्यांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट राहायला नको. बाहेरचं माप सारखं असलं तरी आटे सारखे असतात असं नाही. ब्रिटिश आट्यांचा कोन ५५ अंश, व्हिटवर्थ या ब्रिटिश अभियंत्यानं ठरवलेला. अमेरिकी ६० अंशांचे, त्यांची प्रमाणं फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट ब्रिग्जनं बसवली आणि १८८६ मध्ये तिथल्या उत्पादकांनी ती स्वीकारली. अर्धा आणि पाऊण इंचीत दोन्हींना इंचाला १४ आटे. त्यामुळे एक दुसऱ्यात छान फिरतो, घट्टही बसतो, आणि तरी पाझरतो. टेफ्लॉन कितीही गुंडाळा. एक इंचीत लगेच कळतं, ११ आणि साडेअकरा आटे, थोडं फिरून अडकतो. उपकरण बाहेरून आलेलं असेल तर अर्धा इंचीवर विश्वास टाकू नका, आट्यांचा गेज लावा.

दाबमापक
+१. आणि आटे पाडायचे तर भिंत बघा. १४ आट्यांच्या ब्रिटिश आट्याची खोली १.१६ मिमी. २.७७ च्या भिंतीतून तेवढी गेली की उरतात १.६. पातळ भिंतीच्या पाइपाला आटे पाडणं म्हणजे त्याला कापून ठेवणं. पीव्हीसीत तर शेड्यूल ४० ला आटे पाडूच नयेत, ८० घ्यावा.

तळमजला
व्हर्निअर नसेल आणि पाइप भिंतीला लागून असेल, तर ओळखायचा कसा?

जुना_फिटर
दोरी घ्या. न ताणणारी, किंवा कागदाची पट्टी. पाइपाभोवती एक वेढा, खूण करा, सरळ करून मोजा. लोखंडी मापात अर्ध्याला ६७ मिमी, पाऊणला ८४, एकला १०५, सव्वाला १३३, दीडला १५२, दोनला १८९. सीटीएसचा अर्धा असेल तर ५०, पाऊण ७०. रंगाचे थर खरवडून मग मोजा. आत मोजायला जाऊच नका. आत गंज असतो, कापलेल्या तोंडाला बर (कापताना उरलेली खरखरीत कड) असते, आणि जोड शोधायला आतलं माप लागतही नाही.

पाण्याचा_हिशोब
जोड शोधायला लागत नाही, पण पाणी किती येईल ते मात्र आतलंच माप सांगतं. दोन्ही लिहून ठेवा.

मोजपट्टी
सर्वांचे मनापासून आभार. काल तो तुकडा बदलला.

पीपीआरचं कोष्टक पुढ्यात घेऊन या वेळी आतलं माप शोधत गेलो. त्याच दाबवर्गात २५ च्या पाइपाची भिंत ४.२, आत १६.६. जुन्या २०.९ ला ते पुरत नव्हतं. ३२ च्या पाइपाची भिंत ५.४, आत २१.२. तोच घेतला. '२० एनबी'च्या जागी ३२ मागताना समोरचा माणूस दोनदा विचारत होता, नक्की का म्हणून. दोन्ही टोकांना लोखंडी लाइनचे पाऊण इंची आटे तसेच आहेत, त्यांवर ३२ ला पाऊण इंची आतले आटे असलेला पितळी जोड बसला. हातानं चार आटे गेला, मग पान्यानं दोन.

शॉवर पूर्वीसारखा चालतोय. तिथल्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: बाहेर ३२, आत २१.२, टोकांना पाऊण इंची ब्रिटिश आटे.